मातीच्या बाजारातला हळदवाला

हिंगोलीच्या बाजारात घटस्थापनेच्या दिवशी माणसं वाढायची. खरी नव्हे, मातीची. पुरुषभर उंचीचे पुतळे दुकानांच्या कडेनं उभे राहायचे. कापड मोजणारा, काकडी विकणारी, वस्तरा परजणारा न्हावी, पखाल घेतलेला भिस्ती. दसऱ्यापर्यंत ते तिथंच असायचे आणि दसऱ्याला कयाधूत त्यांची बोळवण व्हायची. ते दहा दिवस बाजारात चालताना कोण मातीचं आणि कोण हाडामांसाचं, हे पाहिल्याशिवाय बोलायची सोय नव्हती. पुतळ्याला भाव विचारून खजील झालेला खेडूत रोज एखादा तरी सापडायचा, आणि बाजार त्याच्यावर पोट धरून हसायचा. मीही हसायचे. पण दुपारी बाजार निजला, पडदे खाली आले, की तीच माणसं वेगळी वाटायची. बाजार त्यांचाच आहे आणि आपणच उगाच तिथं आलो आहोत, असं वाटायचं. तेव्हा मी पदर सावरून भराभरा चालायचे.

हे पुतळे आमच्या घरचे. म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातचे. माझं माहेर डोंगरकडा गावचं, तेही कुंभाराचंच. पण तिथं आम्ही रांजण, माठ आणि पणत्या करायचो, माणसं नाही. माझ्या बापाला थोडी अक्षरं येत होती. रांजणाच्या ओल्या पाठीवर काडीनं लिहून त्यानं ती मला शिकवली. चुकलं की पाण्याचा हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचं. त्या काडीच्या जिवावर पुढं मी शाळेत नोकरी केली आणि आज हे लिहीत बसले आहे. सासरी आले तेव्हा चौदा वर्षांची होते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चाकाला हात लावायचा न्हाई आन कुंचल्याला हात लावायचा न्हाई. बाकी घर तुजंच हाय."

बाकी घर म्हणजे माती तुडवणं. टांगा अड्ड्यावरून लीद आणायची, कडब्याचा भुगा करायचा, दोन्ही चिखलात घालून पायानं मळायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, बांबूचा आणि कडब्याचा सांगाडा बांधून त्यावर ती माती चढवायचे. आधी पाय, मग धड, शेवटी डोकं. चेहरा मात्र साच्यातून निघायचा. त्यांच्या आज्याच्या वेळचा एकच साचा होता, त्यामुळं बायकांची नथ आणि पुरुषांच्या मिशा सोडल्या तर आमच्या बाजारात सगळ्यांचं तोंड एकच. त्यावर चुना, गेरू, आणि अगदी शेवटी डोळे. काजळात बाभळीचा डिंक कालवून तो शिंपल्यात घ्यायचा, आणि शेळीच्या केसांच्या कुंचल्यानं मामंजी डोळे काढायचे. दोन फटकाऱ्यांत एक डोळा. त्यांचा हात कधी हलला नाही.

पण एक-दोन पुतळ्यांना डोळे नसायचे. हे मला पहिल्या वर्षी कळलं तेव्हा माझं जेवण गेलं होतं. बाजारपेठेतल्या ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, ते घर गेलेल्या माणसाचं एखादं वस्त्र आमच्याकडं आणून द्यायचं. लुगडं, पागोटं, बाराबंदी. ते वस्त्र एका पुतळ्याला नेसवायचं आणि त्याला त्या माणसाच्या जागी उभं करायचं. दहा दिवस त्यानं बाजारात राहावं, सण बघावा, मग नदीची वाट धरावी. मात्र त्याचे डोळे काढायचे नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसता चुना. डोळे काढले तर ते माणूस आपलं घर ओळखतं आणि मग जात नाही, असं म्हणत.

"एकदा काढले व्हते एकानं," सासूबाई सांगायच्या. एका तेल्याच्या पोरानं बापाच्या पुतळ्याला कोळशानं डोळे काढले. मायेपोटी काढले, वात्रटपणानं नव्हे. पुढं वर्षभर त्या घरात भर दुपारी उंबऱ्यापाशी वहाणा काढल्याचा आवाज यायचा. आधी एक, मग दुसरी. जाऊन बघावं तर कुणी नाही.

मी विचारलं, "मग त्यात वाईट काय झालं, आत्याबाई?"

"वाईट?" त्या म्हणाल्या. "ताट वाढावं का न्हाई, ह्येच कळंना त्या घराला."

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते. मला चौदावं आणि त्यांना अठरावं असताना लग्न झालं. पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकांशी फारसे बोललोच नाही, घर लहान आणि लाज मोठी. पण कावड वाहून त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली आला होता. गर्दीत पाठमोरा तो खांदा दिसला तरी माझी पावलं आपोआप भरभर पडायची. बोलायला लागलो तेव्हा कळलं की हा माणूस विनोदी आहे. मामंजींच्या पाठीमागं त्यांची नक्कल करायचा आणि मी चिखलात उभी राहून हसू दाबायचे. त्यांच्याकडं पिवळ्या पट्ट्यांचा एक सदरा होता. जत्रेत घेतलेला. तो त्यांना फार आवडायचा आणि मला अजिबात नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

निजामी राज्याचं ते शेवटचं वर्ष. गावोगावची पोरं सरहद्द ओलांडून, पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात जाऊन राहत होती. तिथं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते. दिवाळी झाली आणि एका सकाळी आमचे हे, गाढव घेऊन माती आणायला म्हणून गेले. दुपारी गाढव एकटंच परत आलं. पाठीवर रिकामी गोणी आणि तिच्यात नीट घडी केलेला तो पिवळा सदरा. पांढरे कपडे घालून गेले होते म्हणे. शेजारणी म्हणाल्या, हिचा नवरा गेला आन गाढव तेवढं राहिलं. मीही म्हणाले, व्हय, त्यातल्या त्यात समजूतदार तेच व्हतं. आत जाऊन मात्र सदऱ्यात तोंड खुपसून रडले.

दोन निरोप आले. कुरुंद्याचा एक हळदीचा व्यापारी यायचा, तो घेऊन आला. पहिला निरोप, बरा आहे. दुसरा निरोप, सदरा उंदरांपासून जपा. तो ऐकून मी व्यापाऱ्यासमोर मोठ्यानं हसले. सासूबाईंनी डोळे वटारले तरी हसत राहिले. त्यानंतर उन्हाळा गेला, आषाढ गेला, श्रावण गेला. निरोप नाही.

भाद्रपदात गणपतीच्या दिवसांत पोलीस ॲक्शन झाली आणि चार-पाच दिवसांत राज्य संपलं. मग पलीकडची पोरं घरी यायला लागली. दाढ्या वाढलेली, बारीक झालेली. ज्याच्या त्याच्या दारात पाय धुवायला पाणी आणि ओवाळायला तबक. मी रोज सकाळी पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्यापाशी ठेवायचे आणि संध्याकाळी तुळशीला ओतायचे.

सगळ्याच घरांत आनंद नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. बाजाराच्या टोकाला बांगड्यांचं दुकान होतं, मणेरचाचांचं. त्या दिवसांत त्यांचं फळ्या लावलेलं दुकान पंधरा दिवस उघडलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ वसमतकडं गेला होता, तो आला नाही. कुठं आहे, कुणी सांगेना. या गोष्टी तेव्हा कुणी बोलत नव्हतं, आणि आजही जुन्या गोडव्याच्या गोष्टी सांगणारी माणसं त्या तेवढ्या गाळतात. मला त्याचा राग येतो. चाचांनी दुकान उघडलं तेव्हा त्यांच्या दाढीत काळा केस राहिला नव्हता.

बाजारातल्या पंचांनी ठरवलं की यंदा पुतळे उभे करायचेच. आदल्या साली भीत भीत पाचच केले होते. यंदा दहा करा म्हणाले. मामंजींनी होकार दिला. पण त्या वर्षी त्यांची कामाची रीत बदलली होती. एरवी काम करताना ते पोवाड्याची एखादी ओळ घोळवत असायचे. यंदा तोंडातून शब्द नाही. मी माती देत होते, ते चढवत होते. दहावा पुतळा हळदवाल्याचा होता. त्याला त्यांनी तीन दिवस लावले. खांदे घातले, मोडले, पुन्हा घातले. मी म्हणाले, "मामंजी, हळद इकणाऱ्याचे खांदे कोन बघतंय?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मातीत हात घातला.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी त्यांनी मला हाक मारली. "चाचाकडं जा. सनाच्या बांगड्या भरून ये. हिरव्या भर. कोपरापर्यंत भर." आमच्या घरात सणाला चार-चार बांगड्यांचा रिवाज होता. मला वाटलं, पोरगा येणार असल्याची काही बातमी म्हाताऱ्याला लागलेली दिसते, आणि मला चकित करायचा बेत दिसतो. मी अक्षरशः पळत गेले. चाचांनी माझा हात दाबून दाबून मऊ केला आणि एकेक बांगडी चढवली. एकही फुटली नाही. "बेटी, घर में सब ठीक है ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सब ठीक. ते म्हणाले, "अल्ला रखे."

पुतळ्यांना कपडे घालायचं काम बायकांचं. घटस्थापनेच्या सकाळी कपडे बाहेर काढले तर हळदवाल्याची बंडी उंदरांनी कुरतडून तिची चाळण केलेली. मामंजी बाजारात बाकीचे नऊ उभे करत होते. सासूबाई म्हणाल्या, "पेटीतलं काय बी जुनं घाल अंगावर." मी पेटी उघडली आणि वर तो पिवळा सदरा होता.

मी तो मुद्दाम घेतला. उगाच चुकून हाती आला असं म्हणणार नाही. मेलेल्याचं वस्त्र पुतळ्याला घालतात हे मला चांगलं ठाऊक होतं. पण हळदवाल्याला डोळे होते. आदल्या दिवशीच मामंजींनी काढले होते, काळेभोर, टवटवीत. डोळे असलेला पुतळा म्हणजे जित्या माणसाचा पुतळा. त्याला सदरा घातला तर त्यात वावगं काय? सगळ्यांची माणसं सणाला बाजारात असणार. माझंही असावं, एवढंच मला वाटलं. आणि ते आले की त्यांना दाखवायचं, बघा, तुमचा हा भडक सदरा मातीच्या माणसालाच शोभतो.

सदरा घालायला घेतला. एरवी पुतळ्याला कपडा बसतच नाही. पाठीमागून उसवावा लागतो, टाचावा लागतो. हा सदरा घातला आणि बसला. उजवीकडं बसला, डावीकडं बसला. बटणं लागली. डावा खांदा जरा खाली होता आणि तिथं सदऱ्याला जी जुनी चुणी पडायची ती बरोबर तशीच पडली. माझे हात थांबले. मग मला वाटलं, बापच तो, त्याच्या हाताला लेकाचं माप ठाऊक असणारच. गाडीवाले आले, पुतळा घेऊन गेले, आणि मी घटाच्या तयारीला लागले.

दुपारी मामंजींची भाकरी घेऊन मी बाजारात गेले. ऑक्टोबरचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. पडदे खाली, फक्त चाचा आपल्या फळीवर बसून कुठंतरी बघत होते. मातीची माणसं मात्र जागच्या जागी धंदा करत होती. मी त्यांच्यामधून चालले. कापडवाला, काकडीवाली, न्हावी, सगळे एकाच तोंडाचे, सगळे माझ्याकडं बघत. हळदवाला रस्त्याच्या टोकाला होता. लांबून तो खांदा दिसला. ऊन, चुना आणि तो पिवळा सदरा. मी पावलं उचलली. एक क्षण तर मी हाक मारणार होते.

त्याच्यापुढं मामंजी उभे होते, माझ्याकडं पाठ करून. त्यांनी तांब्यात अंगठा बुडवला, पुतळ्याच्या तोंडावर नेला आणि फिरवला. पुन्हा बुडवला, पुन्हा फिरवला. लेकराचं नाक पुसावं तसं हळू. मग ते बाजूला झाले आणि मला दिसलं. डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग होते. त्यातलं पाणी गालावरून ओघळत सदऱ्यावर आलं होतं.

"मामंजी, त्याचे डोळे काहून पुसले?"

ते दचकले. "रंग उकलला व्हता," म्हणाले.

"कालच तर काढले."

"उकलला."

"मग दुसरे काढा. कुंचला कमरेलाच हाय तुमच्या."

"काढतो सांजच्याला."

"आत्ता काढा." सासऱ्यासमोर असं बोलायची रीत नव्हती, आणि माझा आवाज रिकाम्या बाजारात केवढा तरी मोठा झाला. चाचा उठून उभे राहिले. "जित्या मानसाचा सदरा हाय त्यो. डोळ्याबिगर ठिवू नका. काढा."

मामंजींनी कमरेचा कुंचला काढला. शिंपल्यात बुडवला. हात वर नेला, पुतळ्याच्या तोंडापासून बोटभर अंतरावर. त्या हातानं आयुष्यात हजारभर डोळे काढले असतील. तो तिथंच थांबला, पुढं जाईना. काजळाचा थेंब त्यांच्या पायावर पडला.

"न्हाई जमत, पोरी," ते म्हणाले. "त्यो घर वळखंल."

तो मेला, असं मला कुणी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, आणि मला सगळं कळलं. खांदे का मोडले, बांगड्या कोपरापर्यंत का भरायला लावल्या, पोवाडा का थांबला. मी खाली बसले. भाकरीचं फडकं मांडीवर तसंच होतं.

मग मामंजी माझ्यासमोर रस्त्यावरच बसले आणि बोलले. गणपती उठल्यावर कॅम्पातलं एक पोरगं भट्टीवर येऊन त्यांना एकट्याला सांगून गेलं होतं. श्रावणात पैनगंगा भरून वाहत होती. ती सगळी पोरं अंधाराआधी नदी उतरत होती, दोराला धरून. दोर सुटला. दोघं गेले, त्यातला एक सापडला. आमचे हे सापडले नाहीत. "दसरा व्हऊ दे म्हनलं," मामंजी म्हणाले. "तेवढे धा दिस तुजं कपाळ भरलेलं बघावं म्हनलं. मग सांगनारच व्हतो. पर तू सदरा घातलास. डोळ्याच्या पुतळ्याला घातलास. त्याला आडकून ठिवू का मी? कसा जाईल त्यो?"

म्हातारा रडत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पंधरा दिवस माझ्यापासून लपवलं म्हणून. आला नाही. मला राग आला तो त्या करड्या डागांचा. माझा माणूस भर बाजारात आंधळा करून उभा केला होता आणि दहा दिवसांनी त्याला हात धरून नदीत नेणार होते. नदीतच तर गेला होता तो. पुन्हा नदीतच?

मी उठले. "द्या तो कुंचला."

"बाईच्या हातचा न्हाई त्यो."

"मग तुमी काढा."

त्यांनी कुंचला मुठीत धरून मान फिरवली.

"वळखू द्या की घर," मी म्हणाले. "त्याचंच हाय."

कुंचला त्यांनी दिला नाही, पण मी घेतला तेव्हा मूठही आवळली नाही. मी आधी सदऱ्याच्या कडेनं त्याचं तोंड कोरडं केलं. मग कुंचला टेकवला. मला सवय होती काडीची. काडी मातीत रुतते, जिकडं न्याल तिकडं जाते. कुंचला रुतत नाही, लोळतो. उजवा डोळा कसाबसा निघाला. डावा काढताना कोपरापर्यंतच्या बांगड्या एकमेकींवर घसरल्या, वाजल्या, आणि हात निसटला. तो डोळा बाहेरच्या बाजूला ओढला गेला. पुसून पुन्हा काढायला गेले तर ओला चुनाच सुटून यायला लागला. तेवढ्यावर सोडलं. मागं सरून पाहिलं तर तो एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होता आणि दुसऱ्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडं, रस्त्याकडं.

चाचा फळीवरून उतरून आले होते. पुतळ्यापासून चार हात लांब थांबले. "हमारे में पुतला नहीं बनाते, बेटी," ते म्हणाले. पुन्हा एकदा सदऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "लेकिन तेरी बात समझ में आ गई." मग ते परत गेले आणि फळीवर रस्त्याकडं तोंड करून बसले.

घरी गेले तेव्हा सासूबाई परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी माझ्या काजळ लागलेल्या बोटांकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. पीठ मळतच राहिल्या, पार सैल होऊन हाताला चिकटेपर्यंत मळत राहिल्या.

बातमी त्याच सांजेला गावभर झाली. नऊ दिवस बाजारात काय चाललं असेल ते सांगायला नको. मेलेल्याचा सदरा आणि उघडे डोळे, तेही बाईनं काढलेले. गिऱ्हाईक त्या टोकाला जाईना. हाडामांसाची एक काकडीवाली म्हणाली, सकाळी त्यो इकडं बघत व्हता, सांजच्याला तिकडं बघून राहिला. खरं म्हणजे तो दोन्हीकडं सदाच बघत होता. दसऱ्याला पुतळे न्यायला गाडी आली. गड्यांनी नऊ उचलले. दहाव्याला कुणी हात लावेना. पंच आले, म्हणाले, डोळे पुसा म्हणजे नेतो. मामंजी उभ्या जन्मात पंचांपुढं मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "त्याला घरी नेतो मी." आणि शेजाऱ्याची बैलगाडी मागून, त्याला गवतात निजवून खरंच घरी आणलं. दारासमोर, घराकडं तोंड करून उभा केला.

तिन्हीसांजेला गावची माणसं शिलंगणाहून परत आली. घरोघरी ओवाळणं सुरू झालं. सासूबाई तबक घेऊन बाहेर आल्या. मामंजी दारात उभे होते, त्यांच्याजवळून त्या तशाच पुढं गेल्या. पुतळ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याला ओवाळलं, त्याच्या मातीच्या मुठीत आपट्याची पानं खोवली. "लई उशीर केलास रं," म्हणाल्या. तोवर मी डोळे कोरडे ठेवले होते. त्या चार शब्दांनी घात केला.

चार दिवसांनी शेजारच्या बाया आल्या. कशाला आल्या ते त्यांच्या तोंडावर होतं. एकीनं माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं. म्हणाले, "मानूस दारात उभा हाय, आन तुमी माझ्या बांगड्या फोडायला आलात व्हय?" त्यांनी वळून पाहिलं. दुपार होती, त्याची सावली पायाशी गोळा झाली होती, आणि एक डोळा थेट त्यांच्यावर होता. त्यांच्यातली जी सगळ्यात म्हातारी होती, तिनं परपुरुष दिसावा तसा डोईवरचा पदर पुढं ओढला. मग त्या आल्या वाटेनं गेल्या. त्यानंतर मला ते विचारायला कुणी आलं नाही. कुंकू मी आजही लावते. नोकरीच्या कागदावर नावाआधी काय लिहायचं म्हणून हेडमास्तरांनी विचारलं, तेव्हाही मी 'सौ.'च लिहायला लावलं.

पुढच्या पावसाळ्यात तो विरघळला. मातीच ती, कच्ची. सदरा मी आधीच काढून घेतला होता. पायाशी जो चिखल साचला तो मी टोपलीत भरून आणला आणि त्यानं माझी चूल सारवली.

आता राहिलं एकच. तेल्याच्या घरी यायचा तसा वहाणांचा आवाज. त्या दसऱ्यापासून मी दुपारी उंबऱ्याकडं कान देऊन बसते. शाळेत नोकरीला असताना सुट्टीच्या दिवशी बसायचे, आता रोज बसते. एक ताट जास्त मांडते. सुना हसतात, चुलत पुतण्यांच्या बायका आहेत त्या, हसू देत. आवाज आला नाही. एकदाही नाही. आधी मला वाटायचं, हे सगळं थोतांड आहे. मग वाटायला लागलं, तसं नसावं. डोळे काढलेच होते मी, पण डावा रस्त्याकडं गेला. त्याला घर नीट दिसलं नसेल. रस्ताच दिसला असेल, आणि तो गेला असेल चालत. दोन फटकाऱ्यांचं काम होतं. तोवर चार वर्षं मी त्या घरात माती तुडवली, आणि मला कुणी एकदा कुंचला धरायला शिकवलं नाही.